फॉरमॅट मारून सगळं जातं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुना लॅपटॉप घेतलेले बरेच जण मला हेच विचारतात: "नवी हार्ड डिस्क टाकली, विंडोज नव्याने चढवली, आता आधीच्या मालकाचं त्यात काही उरलं नाही ना?"

डिस्कवरचं गेलं. पण बायोस, म्हणजे मशीन चालू करताच विंडोजच्याही आधी चालणारं सॉफ्टवेअर, मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये असतं, तिथवर फॉरमॅट पोचत नाही. मूळच्या कॅनडातल्या ॲब्सोल्यूट कंपनीच्या काँप्युट्रेस या सॉफ्टवेअरचा एक तुकडा डेल, एचपी, लेनोवोच्या कितीतरी मॉडेलांत कारखान्यातूनच तिथे बसून येतो. चोरीला गेलेला लॅपटॉप कुठे आहे ते कळावं, हा त्याचा उद्देश. तो चालू असेल तर जुन्या पद्धतीत विंडोज उठायच्या आधीच ऑटोचेक नावाची सिस्टिम फाइल बदलली जायची. ती फाइल आरपीसीनेटपी ही सर्व्हिस (पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम) टाकायची आणि मग ती सर्व्हिस इंटरनेटवरून बाकीचा ऐवज उतरवून घ्यायची. तुम्ही ती उडवा, पुढच्या वेळी मशीन चालू केलं की पुन्हा हजर. अँटिव्हायरसही बहुधा गप्प, कारण हे ओळखीचं, अधिकृत सॉफ्टवेअर.

कंपनीने स्वतःच्या मशीनवर हे लावलं आणि वापरणाऱ्याला तसं सांगितलं, तर माझी काहीच हरकत नाही. संताप येतो तो न सांगण्याचा. 2014 मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीच्या संशोधकांना हे त्यांच्याच काही खासगी लॅपटॉपवर चालू सापडलं, कुणीही परवानगी दिलेली नसताना! आणि 2018 मध्ये ईसेट या दुसऱ्या अँटिव्हायरस कंपनीने लोजॅक्स नावाचं घातक सॉफ्टवेअर उघडकीला आणलं. सेडनिट या हॅकर टोळीने काँप्युट्रेसच्याच एजंटमधला (लॅपटॉपवर चालणाऱ्या भागातला) सर्व्हरचा पत्ता बदलून तो आपल्याकडे वळवला होता आणि त्याला पुन्हा पुन्हा जिवंत करणारा कोड थेट मदरबोर्डच्या चिपमध्ये लिहिला होता. डिस्क बदलूनही जात नाही असं काही मालकाच्या नकळत यंत्रात ठेवलं, की त्याचा असाही वापर होतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन, ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप स्वस्तात मिळतात. जरूर घ्या, पण पैसे द्यायच्या आधी बायोस उघडा आणि सिक्युरिटीखाली काँप्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट हे नाव शोधा. डेलच्या बऱ्याच मॉडेलांवर तिथे तीन पर्याय दिसतात: डीॲक्टिव्हेट, डिसेबल आणि ॲक्टिव्हेट. पहिला निवडलेला असेल तर ते सध्या झोपलेलं आहे. तुम्ही डिसेबल निवडलंत की कायमचं बंद. ॲक्टिव्हेट निवडलेलं दिसलं तर मात्र थांबा. ते तुम्हाला बायोसमधून मागे घेता येत नाही, मूळ कंपनीनेच ॲब्सोल्यूटला कळवून ते मशीन आपल्या खात्यातून सोडवावं लागतं. ही खटपट दुकानदाराने करायची, तुम्ही नव्हे. तो तयार नसेल तर दुसरा लॅपटॉप बघा.