राजे टीव्हीखालून निघाले

यंदा 25 डिसेंबर गुरुवारी आला आणि माझं फावलं. बुधवार आणि शुक्रवार अशा दोन रजा टाकल्या की रविवारपर्यंत पाच दिवस हातात. वर्षअखेर म्हणजे आमच्याकडे स्टॉक मोजायचे दिवस. साहेबांनी रजेचा अर्ज उंदराची शेपटी धरावी तसा चिमटीत धरला, पण सही केली.

चाकणहून पहाटे निघून पुण्याला सव्वासातची डेक्कन क्वीन गाठली. दादरला उतरून विरार लोकल. सकाळी दहानंतर विरारकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा मिळते, हे मी बायकोला लग्नाआधीपासून सांगतोय. तिला अजूनही तो चमत्कारच वाटतो. विरारहून रिक्षा, आणि नंदाखालच्या अलीकडे आमची वाडी. वाडी म्हणजे आता विहीर, दहाबारा नारळ आणि केळीची एक रांग. बाकीच्या जागेवर काय उभं राहिलंय ते वसईत फिरलेल्यांना सांगायला नको.

दारात पाऊल ठेवायच्या आतच आईने बातमी दिली. "नाचणी गेली."

आमच्याकडे नाताळच्या गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, हिरवळ लागते ती खरी. दहाबारा दिवस आधी पसरट ताटात माती घालून नाचणी पेरायची आणि रोज पाणी शिंपडायचं. नाताळपर्यंत बोटभर उंचीचं कुरण तयार होतं. ते काम पप्पांचं. यंदा त्यांनी ताट ओट्यावर उन्हाला ठेवलं आणि जाळी टाकायची विसरले. शेजारच्या कोंबड्यांनी अर्धं कुरण फस्त केलं. पप्पांचं म्हणणं, जाळी होती, वाऱ्याने उडाली. आईचं म्हणणं, जाळी माळ्यावरून खाली आलीच नाही. दोघंही आपापली बाजू माझ्या लेकाला पटवून देत होते. त्याने शेवटी निकाल दिला, "अर्ध्या भागात वाळवंट करू या, उंट आहेतच की."

तसंच केलं. डोंगर दरवर्षीप्रमाणे सिमेंटच्या गोणीच्या कागदाचा, आत वर्तमानपत्रांचे बोळे. त्यातही पप्पांचा एक नियम आहे. कुठलाही पेपर चालेल, 'सुवार्ता'चं पान चालणार नाही. त्यांच्याकडे या मासिकाचे गठ्ठे आहेत, सुतळीने बांधलेले. फादर दिब्रिटो नंदाखालचेच आणि त्यांनी कितीतरी वर्षं ते मासिक चालवलं. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा पप्पा आपल्याच घरात वरात निघाल्यासारखे गावभर फिरत होते. 2024 च्या जुलैत फादर गेले. त्यानंतर त्या गठ्ठ्यांना आईलाही धूळ झाडायला हात लावू देत नाहीत.

चोवीसची संध्याकाळ फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांची. मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर, आणि फुगायला ताडी. यीस्टवर आजीचा विश्वास नाही. पीठ सैलसर लागतं. भज्याच्या पिठापेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेपेक्षा कितीतरी पातळ. हात पाण्यात बुडवून मुठीत पीठ घ्यायचं आणि मूठ आवळायची, म्हणजे अंगठा आणि तर्जनीच्या मधून लिंबाएवढा गोळा वर येतो. तो बोटाने तोडून तेलात सोडायचा. चांगला जमलेला फुगा तेलात आपणहून कूस बदलतो. माझे शेपटीवाले होतात. आजी शहाऐंशीची आहे. लाल लुगड्याचा काष्टा घट्ट करून ती चुलीजवळ पाटावर बसली होती. प्रत्येक शेपटीला तिने कादोडीत, म्हणजे आमच्या बोलीत, काहीतरी म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायकोला कादोडी अर्धीच समजते, पण हसू बरोबर जागच्या जागी येतं.

बायको अहिल्यानगरची. तिच्या माहेरी नाताळ म्हणजे फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, अगदी दिवाळीसारखा. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला ती दोन डबे करंज्या घेऊन आली आणि इथे पातेल्यात डुकराचं इंद्याल बघून गप्प झाली होती. आता शेजारी पाठवायच्या ताटात फुगेही असतात आणि करंज्याही, इंद्याल तेवढं नाही. दिवाळीत ज्या ज्या घरांतून फराळ आला, त्यांचे डबे आईने दोन महिने जपून ठेवले होते. रिकामा डबा परत करायचा नाही. लेकाला पाच घरं फिरवली. येताना त्याच्या हातात एका घरची सुकेळी, वाळवलेली केळी. म्हणजे आता पुन्हा एक डबा आमच्याकडे राहिला.

मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आमच्याकडे आता रात्री दहाच्या आत संपते, लाऊडस्पीकरच्या नियमामुळे. आजीला हे मान्य नाही. घरी आल्यावर तिने बाळ येशूची मूर्ती पदराखाली धरून ठेवली आणि बारापर्यंत कुणाला दिली नाही. मग बाराचे ठोके मोबाइलवर वाजवून लेकाने ती गव्हाणीत ठेवली.

पण त्याचा जीव अडकला होता तीन राजांत, बाळ येशूला भेटायला उंटांवरून येणाऱ्या. आमच्या घरी राजे गोठ्यात थेट येत नाहीत. त्यांची सुरुवात टीव्हीखालच्या कप्प्यापासून. पप्पा रोज रात्री जेवणानंतर त्यांना वीतभर पुढे सरकवतात, शोकेसवरून, खिडकीच्या कट्ट्यावरून. सहा जानेवारीला ते गोठ्यापाशी पोचतात. मी लहान होतो तेव्हा मला तो दिवस बघायला मिळायचा. नोकरी लागल्यापासून एकदाही नाही.

रविवारी निघायच्या वेळी राजे शोकेसवर होते. रिक्षा दारात, आई पिशवीत नारळ कोंबतेय, आणि लेक गायब. मग आला, जरा जास्तच शहाण्या चेहऱ्याने. मी काही विचारलं नाही.

रात्री चाकणला पोचल्यावर फोन केला. पप्पा म्हणाले, "तुझ्या पोराने राजे आजच पोचवले. उंटासकट."

"मग राहू दे ना, पप्पा."

"राहू दे कसं? परत शोकेसवर आणलेत. सहा तारखेलाच पोचतील." मग जरा थांबून म्हणाले, "घाईत एका उंटाचा पाय मोडलाय. फेविक्विक लावलंय. त्याला सांगू नको."