बँकेसमोर कास्तकाराच्या बाजूनं बसणारा माणूस

मेलबर्नला सोशल वर्कचं मास्टर्स करतेय, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-आर्णीकडच्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, समाजसेवा शिकायला एवढ्या दूर कशाला गेली, ती तर आपल्याकडे कितीतरी लोकांनी करून दाखवली. खरंय. बाबा आमट्यांनी 1949 ला वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, गाडगेबाबा तर आपल्या वऱ्हाडातलेच. पण इथे हे काम नोकरी म्हणून करतात, पगार, नियम, जबाबदारी सगळं ठरलेलं, आणि मला तेच शिकायचं होतं. आमच्या गावात चांगल्या मनाच्या माणसांची कमी कधीच नव्हती, कमी होती ती रोज दहा ते पाच हेच काम करणाऱ्याची.

आधी पैशाचं सांगते, कारण मेसेज त्याचेच जास्त येतात. कोर्समध्ये 1000 तास प्लेसमेंट, म्हणजे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करून शिकणं, करावीच लागते, कमीत कमी दोन वेगवेगळ्या जागी, आणि ती बहुतेक बिनपगारी असते. जुलै 2025 पासून इथल्या सरकारने प्लेसमेंटवाल्यांना दर आठवड्याला काही पैसे द्यायला सुरुवात केली पण ते इथल्या मुलांना, आपल्यासारख्या स्टुडंट व्हिसावाल्यांना नाही. व्हिसावर पंधरवड्याला 48 तास काम करता येतं, कोर्समधली प्लेसमेंट त्यात धरत नाहीत, म्हणजे आठवडाभर प्लेसमेंट आणि शनिवार-रविवार वृद्धाश्रमात ड्युटी, असं माझं चालू आहे. येणार असाल तर त्या महिन्यांचं घरभाडं आधीच बाजूला काढा, एजंट लोक हे सांगत नाहीत.

आता शिकवतात काय. बोलणं शिकवतात, म्हणजे खरं तर गप्प बसणं. वर्गात एकजण अडचणीतला माणूस बनतो, दुसरा वर्कर, बाकीचे बघतात, आणि सल्ला द्यायला बंदी. आपल्याकडे माणूस दुःख सांगायला लागला की दुसऱ्याच वाक्याला "असं कर ना बापा" सुरू होतं. माझ्यासमोर नेपाळची मैत्रीण बसली होती, वीजबिल थकल्याचं सांगत होती आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती, लावत होती. मी काही बोलणार तर मॅडमनी हातानेच थांब म्हटलं. बराच वेळ कोणीच बोललं नाही आणि मग तिनेच सांगितलं की पैसे सगळे नवऱ्याकडे असतात, मागायची भीती वाटते. नाटकच होतं ते, पण माझ्या अंगावर काटा आला.

आणखी एक मला फार आवडलं, आपल्या पेशाने केलेलं वाईट हे लोक पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात. इथल्या आदिवासींची लेकरं 'त्यांच्या भल्यासाठी' म्हणून कित्येक वर्षं आईबापापासून तोडून नेली, नेणाऱ्यांत वेल्फेअरवालेही होते. 1997 ला त्याचा मोठा रिपोर्ट आला, 13 फेब्रुवारी 2008 ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. ते वाचताना मला आपल्याकडचे कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, आठवत होते, तिथे जाऊन लोकांना काय पाहिजे हे न विचारताच भाषण देणारे साहेब आठवत होते.

पण ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते वेगळंच आहे. इथे व्हिक्टोरिया राज्यात 2011 चा एक कायदा आहे, बँकेला थकीत कर्जापायी शेत ताब्यात घ्यायचं असेल तर आधी कास्तकाराला मध्यस्थासमोर एकत्र बसायची संधी द्यावीच लागते. शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये असा कायदा 1994 पासून आहे. आणि त्या टेबलावर कास्तकार एकटा नसतो, सरकारी पैशातून चालणारे रुरल फायनान्शियल कौन्सेलर असतात, फुकट, ते त्याचा हिशेब मांडून देतात, बँकेशी बोलायची तयारी करून घेतात. त्यातल्या एक बाई वर्गात आल्या होत्या. म्हणाल्या, बहुतेक घरी बँकेची न फोडलेली पाकिटं एका खोक्यात साठलेली असतात, माझं पहिलं काम म्हणजे त्या माणसाच्या शेजारी बसून एकेक पाकीट फोडणं.

रात्री फोनवर बाबांना सांगितलं. "म्हंजे बँकवाल्यासमोर आपल्या बाजूनं माणूस बसते? फुकट?" मग थोडं थांबून म्हणाले, "आपल्याकडे तर माणूस गेल्यावर येतेत सारे."

येतात, आणि कास्तकाराची आत्महत्या सरकारी मदतीला पात्र की अपात्र ते ठरवतात. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असेल तर एक लाखाची मदत, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. आमच्या गल्लीतल्या काकूंच्या नवऱ्याने बिनपरवान्याच्या सावकाराकडून घेतले होते. कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत सातबारा, रेशनकार्ड, पोलिसांचा कागद, सगळं घेऊन काकू चकरा मारायच्या, शेवटी अपात्रच. ज्याने सर्वात जास्त व्याज लावलं त्याचंच कर्ज मोजत नाहीत, याचा मला आजही संताप येतो.

आणि असं नाही की आपल्याकडे कायदा नाही. 2014 चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, अवैध सावकारीत वावर गेलं असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, चौकशीत सिद्ध झालं तर वावर परतही मिळू शकतं. पण अर्ज लिहून देणारं, तारखेला सोबत जाणारं, सावकार समोर बसलेला असताना काकूंच्या शेजारी खुर्ची ओढून बसणारं कोण आहे? गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईवर किती कामं टाकणार, तिचं आधीच कंबरडं मोडलंय. हे पगारी, शिकलेल्या, पूर्णवेळ माणसाचं काम आहे आणि तालुक्याला असा एक तरी माणूस पाहिजेच पाहिजे.

दुसऱ्या प्लेसमेंटसाठी मी मेलबर्नबाहेर, शेतकरी भागातच जागा मागितलीय, बघू मिळते का. तोवर गावाकडच्यांना एवढंच सांगते, घरातलं कोणी एकाएकी गप्प राहायला लागलं असेल तर 14416 लावून द्या, टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि सावकाराने दिलेल्या चिठ्ठ्या, सही घेतलेल्या स्टॅम्पपेपरच्या झेरॉक्स, पैसे परत दिल्याच्या तारखा, यातलं काहीही फाडू नका, अर्जाच्या वेळी तेच लागतं.