कोलीन क्लोराइडच्या बाथमधून तांबं: मे महिन्याची प्रगती

मंडळी, पाण्याशिवाय, विजेच्या प्रवाहानं धातूच्या पट्टीवर तांबं चढवायचं काम या उन्हाळ्यात चांगलंच मार्गी लागलं. माझा द्रव (बाथ) काटेकोरपणे आयनी द्रव, म्हणजे नुसत्या आयनांचा, वितळलेल्या मिठासारखा द्रव नव्हे, त्याच्या भावकीतला: कोलीन क्लोराइड आणि इथिलीन ग्लायकॉल, मोलच्या (रेणूंच्या संख्येच्या) हिशेबानं १:२, म्हणजे १३९.६ ग्रॅमला १२४ ग्रॅम. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या अँड्र्यू अ‍ॅबट यांच्या गटानं २००३ मध्ये कोलीन क्लोराइड-युरियाची जोडी मिसळून द्रव होते हे दाखवलं, तिथून ही वाट निघाली. युरियाची जोडी खोलीच्या तापमानाला ग्लायकॉलवाल्या जोडीच्या सुमारे वीसपट दाट असते, म्हणून ती मी सोडली.

आपल्या खानदेशातला मे या कामाला उत्तम. कोलीन क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. आषाढात झाकण जरा उघडं राहिलं की पावडरीचा गोळा होतो, पण आता जळगावची हवा इतकी कोरडी आहे की वजन करताना धावपळ करावी लागत नाही. नवापूरकडच्या पोल्ट्रीवाल्यांना कोलीनचं नाव ओळखीचं असेल. मात्र कोंबडीखाद्यातलं कोलीन बहुधा मक्याच्या कणसाच्या भुश्यावर चढवलेलं असतं. ते इथे चालत नाही, लॅब ग्रेडच घ्या.

कॉपर क्लोराइडचे निळसर-हिरवे खडे यात विरघळले की द्रव पिवळट होतो. पाण्याच्या जागी क्लोराइड तांब्याला घेरतं, त्याचा तो रंग. बाथ ६० अंशांवर ठेवला की दाटी उतरते आणि पितळी पट्टीवर थर एकसारखा, बारीक दाण्याचा बसतो. थंड बाथमध्ये कडा काळपट पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं: पट्टी करंट चालू असतानाच बाहेर काढा. करंट बंद करून पट्टी आत ठेवली, तर बाथमधलं द्विसंयुजी (दोन धन भारांचं) तांबं ताज्या थराशी मिळून एकसंयुजी (एका धन भाराचं) होतं आणि चढलेला थर पुन्हा विरघळायला लागतो. गुलाबी चकाकी डोळ्यांदेखत मंद होत जाते.

अ‍ॅनोडला (धन टोकाला) तांब्याचीच पट्टी लावा. कार्बनच्या कांडीवर क्लोरीन सुटू शकतो. ग्लायकॉल पोटात गेलं तर विषारी, म्हणून भांडी वेगळी आणि खिडक्या उघड्या.

आता पट्टी आधी आणि नंतर तोलायची आहे. द्विसंयुजी तांबं अँपिअर-तासाला १.१९ ग्रॅम चढतं, एकसंयुजी २.३७. वजन या दोन आकड्यांमध्ये कुठे बसतं, त्यावरून बाथमध्ये कुठलं तांबं जास्त काम करतंय ते कळेल.