श्वास, नाना आणि डबल बेल

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी नानांच्या घशाचा बायोप्सी रिपोर्ट आला, आणि तो हातात धरून मी जळगावच्या बसस्टँडवर बसलेलो असताना सगळ्यात आधी काय आठवलं असेल तर वीस वर्षांपूर्वी पाहिलेला एक पिक्चर. श्वास.

आधी नानांबद्दल सांगतो. नाना म्हणजे माझे वडील, एसटीच्या चोपडा डेपोचे कंडक्टर, आता रिटायर. त्यांचा आवाज असा की गाडी स्टँडात शिरायच्या आधी तो शिरायचा. अडावद, धानोरा, किनगाव, साकळी, यावल, फैजपूर, सावदा... एका दमात. आम्ही लहानपणी पाढ्यांच्या आधी हे पाठ केलंय. घरात हाक मारली तर चार घरं सोडून माणूस बाहेर यायचा. चार महिने तो आवाज बसलेला होता, आणि आम्ही ज्येष्ठमध, हळद-दूध, कफ सिरप करत बसलो, विड्या ओढतात म्हणून बसला असेल असंच सगळ्यांना वाटलं. (आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवाच, हे मी आता भेटेल त्याला सांगतो.) डॉक्टर म्हणाले स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, आणि श्वास आयुष्यभर गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल.

घरी बैठक बसली. आत्या, मामा, धाकटा भाऊ, सगळ्यांचं एकच म्हणणं, नानांना सांगायचं नाही, गाठ काढायची आहे एवढंच म्हणा, सही तू कर, खरं कळलं तर माणूस हाय खाईल. त्यांना दोष देत नाही मी. आमच्याकडे 'कॅन्सर' हा शब्दसुद्धा कोणी उच्चारत नाही, 'मोठा आजार' म्हणतात. पण मला राहून राहून वाटत होतं की हा माणूस ऑपरेशननंतर शुद्धीवर येईल, बोलायला तोंड उघडेल आणि आवाजच येणार नाही, आणि तेव्हा त्याला कळेल की हे घरातल्या सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. श्वास 2004 चा, संदीप सावंत यांचा पहिलाच पिक्चर, श्यामची आई नंतर इतक्या वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते यालाच, आणि तो ऑस्करला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली होती. कोकणातले आजोबा (अरुण नलावडे) नातवाला, परशाला, घेऊन शहरातल्या दवाखान्यात येतात. पोराच्या डोळ्यांना कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचणार, दृष्टी जाणार. आणि डॉक्टर अडून बसतात की ऑपरेशनच्या आधी पोराला हे समजलंच पाहिजे. मी तेव्हा नववीत होतो, मला त्या डॉक्टरचा भयंकर राग आला होता, एवढ्याशा पोराला कशाला सांगायचं? नंतर ऑपरेशन पुढे ढकललं जातं तेव्हा आजोबा पोराला घेऊन दवाखान्यातून गायब होतात, त्याला डोळे भरून जग दाखवायला, तो भाग मात्र मला लगेच पटला. आजोबांचं ते करणं पोराला आधी सांगितल्याशिवाय अर्धवट राहिलं असतं, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

आणि हा पिक्चर आम्हाला दाखवायला नेलं होतं नानांनीच. परतीच्या गाडीत आई डोळे पुसत होती, मी डॉक्टरला शिव्या घालत होतो, आणि नाना खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले होते, "पोऱ्याले सांगी दिधं, बरं कयं." (पोराला सांगून टाकलं, बरं केलं.) बसस्टँडवर मला आठवलं ते हे वाक्य. म्हणजे नानांनी स्वतःच्या बाबतीतला निकाल तेव्हाच देऊन ठेवला होता असं मला वाटलं, पिक्चरमधल्या पोरासाठी जे बरं ते त्यांच्यासाठी पण बरंच असणार ना.

रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर सांगितलं. कॅन्सर हा शब्द वापरूनच सांगितलं. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग मी तुले हाक कशी मारसू?"

याचं उत्तर मी डॉक्टरांना आधी विचारून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच कोसळलो असतो. पुढे छोटा व्हॉल्व्ह बसवता येतो, गळ्याच्या छिद्रावर बोट ठेवून बोलता येतं, पहिल्यासारखा आवाज नाही येत पण माणूस बोलतो. आंघोळीला जपावं लागेल, छिद्रात पाणी जाता कामा नये, समोर कापड बांधावं लागेल, वास फारसा येणार नाही, जेवण तोंडानेच. एकेक गोष्ट त्यांनी मला दोनदा विचारून घेतली.

ऑपरेशनसाठी नाशिकला निघायच्या दोन दिवस आधी नाना म्हणाले, चल, यावलपर्यंत जाऊन येऊ. अर्ध्या तिकिटावर बसले. पोरगेल्या कंडक्टरला मी हळूच सांगितलं, त्याने काही न बोलता आपली सीट सोडली आणि नानांना बसवलं. घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात नानांनी प्रत्येक स्टॉप पुकारला, केळीच्या बागा मागे पळत होत्या, लोकं वळून बघत होती आणि मी मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा हात आधी गळ्याकडे गेला, मग माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. घाबरले नाहीत. आत्यासुद्धा तिथे होती, तिने बघितलं ते.

व्हॉल्व्ह अजून बसवायचाय. तोवर माझ्या मुलीने सायकलची घंटी त्यांच्या खाटेला बांधून दिलीय. एक बेल म्हणजे थांब, डबल म्हणजे चला, एसटीचाच नियम. मला हाक मारायची असली की डबल. परवा तिने ते रेकॉर्डिंग लावलं. मोबाईलमधून नानांचा आवाज आला, साकळीऽऽ, आणि खाटेवरून एक बेल वाजली, थोडा वेळ शांत, उतरणारे उतरतात तेवढा, आणि मग डबल.