लक्सरच्या विजयाच्या भिंती : कधी जायचं, कुठे थांबायचं

जानेवारीत इजिप्तमधल्या लक्सरला पाच दिवस राहून आलो, फक्त फॅरोंनी, म्हणजे तिथल्या प्राचीन राजांनी, लढाया जिंकल्यावर दगडात कोरून ठेवलेलं बघायला. कोणी जाणार असेल तर एकच सांगतो, देवळाच्या आत जेवढा वेळ देता तेवढाच बाहेरच्या भिंतींना द्या, कारण युद्धाची बरीच चित्रं बाहेर आहेत आणि ग्रुप टूरवाले तिथे फिरकतही नाहीत.

सुरुवात नाईलपलीकडच्या मेदिनत हाबूपासून करा, हे तिसऱ्या रामसेस राजाचं देऊळ. लोकल फेरीने नाईल ओलांडायची, पलीकडे टॅक्सी ठरवायची, भाडं बसायच्या आधी. तिकीट आम्हाला कार्डनेच काढावं लागलं त्यामुळे चालणारं कार्ड जवळ असू द्या. सातच्या सुमारास पोचलो तर उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीवर ऊन तिरपं येत होतं, आणि हे कोरीवकाम आत खोदलेलं असल्यामुळे तिरप्या उन्हात प्रत्येक रेषेला सावली पडते, नऊनंतर ती सावली गेली आणि भिंत सपाट दिसायला लागली, म्हणून वेळ पाळाच.

तिथे तिसऱ्या रामसेसने आपल्या राज्याच्या ८व्या वर्षी समुद्रावरून आलेल्या लोकांशी केलेली लढाई आहे. उजवीकडे किनाऱ्यावर राजा प्रचंड मोठा, बाण सोडतोय, आणि डावीकडे नुसती गर्दी, पिसांसारखे मुकुट घातलेले, शिंगांची शिरस्त्राणं घातलेले, एक जहाज पार उलटलंय आणि माणसं त्यातून पाण्यात पडतायत. मी एकाच बुडणाऱ्या माणसाकडे बराच वेळ बघत होतो, हात लोंबलेले, डोकं खाली. आपल्याकडच्या वीरगळावर धारातीर्थी पडलेला आपला माणूस असतो, इथे पडलेले सगळे शत्रूच.

मग आत दुसऱ्या चौकात जा. शत्रूंच्या कापलेल्या हातांचे ढीग आणि ते मोजून लिहून घेणारे कारकून. लहान मुलं बरोबर असतील तर आधीच समजावून सांगा. पहिल्या चौकात राजा ज्या खिडकीत उभा राहून दर्शन द्यायचा तिच्याखाली कैद्यांची दगडी डोकी भिंतीतून पुढे आलीयत, म्हणजे राजा उभा राहिला की यांच्या डोक्यावर. ते चुकवू नका.

कर्नाक या लक्सरमधल्याच मोठ्या देवळात खांबांच्या मोठ्या दालनातून उत्तरेच्या दाराने बाहेर पडलं की पहिल्या सेती राजाच्या मोहिमा कोरलेल्या दिसतात. हिवाळ्यात ही भिंत सावलीतच असते, तेव्हा अगदी जवळ जा आणि डोळे सरावू द्या. दाराच्या पूर्वेकडे खालच्या पट्ट्यात सरहद्दीचा कालवा शोधा, त्यात मगरी आहेत, एकेक मगर नीट कोरलेली. आणखी पुढे लेबनॉनचे सरदार सेतीसाठी झाडं तोडतायत. इथे पहारेकरी 'इकडे या, दाखवतो' म्हणून मागे लागतात, मग बक्षीश मागतात, शब्द आपलाच आहे. नको असेल तर हसून नाही म्हणा, सुटे पैसे मात्र खिशात ठेवा.

दुसऱ्या रामसेसची सीरियातल्या कादेश शहरापाशी हित्तींशी (आजच्या तुर्कस्तानातलं तेव्हाचं बलाढ्य राज्य) झालेली लढाई (इ.स.पू. १२७४) लक्सर देवळाच्या दर्शनी भिंतीवर आहे आणि ती अंधार पडल्यावरच बघा, खालून दिवे लावतात तेव्हा दिवसा अजिबात न दिसणारे रथ दिसायला लागतात. उजव्या बुरुजावर छावणी आणि पकडलेल्या हेरांना चोप देताना कोरलंय. हा विजय त्याने जागोजागी कोरून घेतला पण कादेश शेवटी हित्तींकडेच राहिलं आणि पुढे दोघांनी तह केला. तो तहही कर्नाकच्या भिंतीवर कोरलेला आहे, चित्र नाही, नुसता मजकूर, त्यामुळे कोणी थांबत नाही. मला मात्र सगळ्या भिंतींपेक्षा तीच मोठी वाटली, तिथे नक्की थांबा.

लक्सर म्युझियममध्ये कामोस या दक्षिण इजिप्तच्या राजाची शिळा आहे, १९५४ साली कर्नाकला सापडलेली. उत्तर इजिप्त बळकावलेल्या परक्या हिक्सोस लोकांच्या राजाला तो चक्क सांगतो की तुझ्या मळ्यातली दारू मी पितोय. म्युझियम संध्याकाळी करा, दिवस भिंतींसाठी ठेवा. दुसऱ्या रामसेसचा मुलगा मेरनेप्ताह याची शिळा, जिच्यावर इस्रायलचं नाव येतं, ती १८९६ साली पश्चिम किनाऱ्यावर त्याच्याच देवळात सापडली पण मूळ दगड कैरोला गेलाय, इथे तिची प्रतिकृती बघायला मिळते.

पाणी दोन लिटर, टोपी, आणि दुर्बीण असेल तर नक्की न्या, वरच्या ओळी तिच्याशिवाय दिसत नाहीत.