आमची वाटचाल : एका पैशाचे देणे

आमच्या कारखान्याच्या पहिल्या माहितीपत्रकावर ‘केवळ स्वतःच्या बळावर’ हे शब्द मी मोठ्या अक्षरांत छापून घेतले होते. १९९२ साली दोन बर्नर, एक ऑक्सिजन सिलिंडर आणि काचनळ्यांची एक पेटी एवढ्या सामानावर प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणे बनवायला सुरुवात केली, तेव्हा पाठीशी भांडवल नव्हते आणि घरात कोणी उद्योग केलेला नव्हता. त्यामुळे त्या शब्दांत काही खोटे आहे असे मला वाटले नाही. आज ते माहितीपत्रक हाती आले की मात्र थोडे ओशाळल्यासारखे होते.

या कामात स्वावलंबनाला पर्याय नाही, हे आधीच सांगतो. ज्योतीवरची नळी दोन्ही हातांनी सारख्याच गतीने फिरवत राहावी लागते. एक हात किंचित मागे पडला की मऊ झालेली काच पिळली जाते आणि तासाभराचे काम फुकट जाते. बोरोसिलिकेट काच, म्हणजे प्रयोगशाळेतली उष्णता सोसणारी काच, ८२० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते, हे पुस्तकात सापडते. पण नेमक्या कोणत्या क्षणी ज्योतीबाहेर काढून किती फुंक द्यायची, हे ज्याचे त्यालाच कळावे लागते. तिथे समिती, ठराव, संघटना यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही.

प्रश्न एवढाच, की ते कळण्याइतके शिकवले कोणी? माझ्या गुरूंनी एकदा बोलता बोलता सांगितले, की त्यांना भट्टीवरचे काम ज्यांनी दाखवले ते कारागीर तळेगावच्या पैसा फंड कारखान्यात तयार झालेले होते. (भट्टीवरचे काम वेगळे आणि ज्योतीवरचे वेगळे, पण काचेचा स्वभाव दोन्हीकडे एकच.) अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून स्वदेशी उद्योगांसाठी निधी उभा करण्याचा ध्यास घेतला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली काचेचा कारखाना सुरू झाला. रुपयाचे ६४ पैसे होते तो हा काळ. माणशी एकच पैसा धरला, तर हजार रुपये जमवायला ६४ हजार माणसांपुढे हात पसरायला हवा. त्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांचा काचेशी काहीही संबंध नव्हता, आणि त्यांतल्या कोणाला नफाही मिळणार नव्हता. त्या कारखान्याने माल काढला त्याहून मोलाचे काम म्हणजे कारागीर घडवले, आणि ते पुढे देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. माझी ‘स्वतःची’ कला त्या पैशांच्या व्याजावर आलेली होती.

एकट्याच्या जिद्दीची उदाहरणे देताना आपण असा भाग नेहमीच गाळतो. १९१० साली उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीचे श्रेय लक्ष्मणराव किर्लोस्करांना देतो आणि ते योग्यच आहे, पण तिला जागा औंध संस्थानाच्या अधिपतींनी दिली होती. २०२० साली ‘आत्मनिर्भर’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला, तेव्हा ग्राहकही मला विचारू लागले की तुम्ही आत्मनिर्भर आहात का. या शब्दातला ‘आत्म’ माझा एकट्याचा की देशाचा, हे त्यांनी स्पष्ट केले नाही आणि मीही विचारले नाही.

माझा हेका उतरवला तो एका परत आलेल्या मालाने. सुरुवातीची दोन वर्षे घासून बसवायचे जॉइंट, म्हणजे एक उपकरण दुसऱ्यात घट्ट बसवणारी निमुळती तोंडे, मी स्वतःच्या मापाने करत असे. एका महाविद्यालयाने आमचे सगळे कंडेन्सर (वाफ थंड करण्याच्या नळ्या) परत पाठवले, कारण ते त्यांच्याकडच्या इतर फ्लास्कमध्ये बसत नव्हते. माझा जॉइंट फक्त माझ्याच फ्लास्कमध्ये बसत होता. सगळीकडे चालणाऱ्या जॉइंटचे एक माप २४/२९, म्हणजे रुंद तोंडाचा व्यास २४ मिलिमीटर, लांबी २९ मिलिमीटर आणि दर दहाला एक असा उतार. हे माप मी ठरवलेले नाही आणि मला ते बदलताही येत नाही. ज्यांची कधी भेटही झाली नाही अशा उत्पादकांनी एकमेकांचे ऐकायचे ठरवले, म्हणून माझा माल आज कुठल्याही प्रयोगशाळेत चालतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. तयार उपकरण सुमारे ५६० अंशांवर ठेवून सावकाश निववले नाही, तर काचेत ताण राहतो आणि ते कधीतरी आपोआप तडकते. त्यासाठी लागणारी मोठी विजेची भट्टी आम्हा पाच छोट्या कारखानदारांपैकी एकालाही परवडणारी नव्हती, म्हणून ती सामाईक घेतली आणि वीजबिल सारखे वाटून घ्यायचे ठरवले. ‘बारभाईंची खेती, काय लागेल हाती’ या म्हणीचा अर्थ त्यानंतरच्या दीड वर्षात नीट समजला. बिल सारखे असल्यामुळे ज्याचा माल जास्त त्याचा फायदा होई, भट्टीतली धूळ आणि काचेचे तुकडे काढायला कोणी पुढे येत नसे, आणि फुटलेला माल कोणाच्या चुकीने फुटला यावरून बोलाचाली होत. त्या दोषात माझाही वाटा होता, कारण सर्वांत जास्त खेपा माझ्याच असत. शेवटी दर खेपेची वही ठेवली. ज्याची खेप त्याचे युनिट, ज्याची पाळी त्याची सफाई. तेव्हापासून भट्टी तंट्याविना चालते आहे. पैसा फंडातही प्रत्येकाचा पैसा मोजून घेतलेला होता, हे मला त्या वहीमुळे उमगले.

देयकांच्या बाबतीतही तेच झाले. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, नाहीतर चक्रवाढ व्याज लागू होते, असे २००६ चा कायदा सांगतो. पण एका मोठ्या खरेदीदाराने आठ महिने पैसे अडकवले, तेव्हा पुढची ऑर्डर जाईल या भीतीने मी एकट्याने पत्र लिहिले नाही. पाचही जणांच्या सह्यांचे पत्र गेल्यावर रक्कम महिन्याभरात जमा झाली.

गेल्या वर्षी अकरा वर्षे माझ्याकडे शिकलेला मुलगा नोकरी सोडून स्वतःचे बर्नर घेऊन बसला. माझे दोन ग्राहक त्याच्याकडे गेले आणि मला राग आला, हे लपवत नाही. भट्टीच्या वहीत त्याला जागा द्यायची का, हा विषय बैठकीत निघाला तेव्हा इतर चौघे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. सहाव्या रकान्यात त्याचे नाव मीच लिहिले. मंगळवारची खेप आता त्याची असते, आणि त्याच्या पाटीवर लिहिलेले ‘केवळ स्वतःच्या बळावर’ हे शब्द मी अजून तरी त्याला पुसायला सांगितलेले नाहीत.