नर्स अ‍ॅलेक्स आणि माझी आई

आज सुट्टी. वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसले आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन सिटकॉम, म्हणजे विनोदी मालिका, लावल्या. घड्या चारच झाल्या!

'सेंट डेनिस मेडिकल' मनापासून आवडली. ओरेगनमधलं कायम ओढाताणीत चाललेलं हॉस्पिटल, कॅमेऱ्याकडे बघून बोलणारी माणसं. नर्स अ‍ॅलेक्स मुलीच्या कार्यक्रमाला जायला निघते, पण पाय काही निघत नाही. माझी आईही नर्स होती. चौथीच्या गॅदरिंगला विंगेतून मी तिची रिकामी खुर्ची बघत होते. ती धावत आली तेव्हा पडदा पडला होता, अंगावर युनिफॉर्म तसाच. अ‍ॅलिसन टोलमन या अभिनेत्रीने ती घालमेल इतकी खरी केलीय की मी एपिसोड थांबवून आईला फोन लावला.

'जॉर्जी अँड मँडीज फर्स्ट मॅरेज' मात्र जड गेली. ही ज्या 'यंग शेल्डन'मधून पुढे आली, त्या मालिकेत मागून हशा नव्हता, म्हणून ते घर आपलं वाटायचं. इथे सारखा हशा. शेल्डनच्या भावावर, जॉर्जीवर, जीव आहे, म्हणून बघणार. गायिका-अभिनेत्री रीबा मॅकएन्टायरची 'हॅपीज प्लेस' ठीक, पुढे खुलेल.

अ‍ॅलेक्सची सगळी गोष्ट ऐकून आईने एवढंच विचारलं, "मग पोचली का गं ती वेळेवर?"